नगरपरिषदेच्या नागरिकांच्या सनदेत दुरुस्त्या सुचवायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

तापीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेने नागरिकांच्या सनदेचा (कोणती सेवा किती दिवसांत मिळेल ते सांगणाऱ्या जाहीर तक्त्याचा) फेरआढावा घेण्यासाठी सात जणांची समिती नेमली आहे. दोन नगरसेवक, एक व्यापारी, एक निवृत्त मुख्याध्यापक, बचत गटाच्या दोन महिला आणि मी. लेखी शिफारशी मुख्याधिकाऱ्यांना द्यायच्या, मग त्या सर्वसाधारण सभेपुढे जातील. हातात सहा आठवडे आहेत.

सनद जुनी आहे. सेवा, मुदत, शुल्क, कागदपत्रं, जबाबदार कर्मचारी असे रकाने आहेत, पण बदली होऊन गेलेल्यांची नावं तशीच आहेत आणि अपील कुठे करायचं ते शेवटच्या पानावर एका ओळीत उरकलंय. पहिल्याच बैठकीत "सगळ्या मुदती निम्म्या करा" असा सूर लागला. म्हणून विचारतो:

मुदती कमी करायची शिफारस समितीला करता येते का? सनदेतला आकडा आणि प्रत्यक्ष लागणारे दिवस यातला फरक कसा मोजायचा? पाण्याबद्दल नेमकं काय लिहून घ्यावं? आणि शिफारशी कशा मांडाव्यात म्हणजे सभेत "नोंद घेण्यात आली" एवढ्यावर विषय मिटणार नाही?

आवकजावक

तापीकाठ भाऊ, मुदतीला हात घालण्याआधी सनदेतली प्रत्येक ओळ कोणाच्या अधिकारात बदलते ते ठरवा. बहुतेक समित्यांचे अहवाल इथेच मार खातात. शिफारस चांगली असते, पण ज्याच्याकडे पाठवली त्याला ती मंजूर करायचा अधिकारच नसतो, आणि फाईल वर्षभर फिरत राहते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ च्या कलम ३ खाली ज्या सेवा अधिसूचित झाल्या आहेत (जन्म-मृत्यू दाखले, मालमत्ता कर उतारा, मालमत्तेचं हस्तांतरण म्हणजे नवीन मालकाच्या नावावर नोंद, नळजोडणी, बांधकाम परवाना वगैरे) त्यांची नियत कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि दोन्ही अपिलीय प्राधिकारी (पहिलं आणि दुसरं अपील ऐकणारे) त्या अधिसूचनेतच ठरलेले असतात. नगरपरिषदांसाठी हे नगरविकास विभागाकडून येतं. तुमची सभा ते बदलू शकत नाही. त्यातली मुदत वाढवणं तर अजिबात चालत नाही. कमी दिवसांत देऊ असं मात्र नगरपरिषद स्वतःहून म्हणू शकते. त्यासाठी वेगळा रकाना करा: एकात "कायद्यानुसार मुदत", शेजारी "नगरपरिषदेचं उद्दिष्ट". दोन्ही एकाच आकड्यात मिसळले की लोक उद्दिष्टाच्या तारखेवरून अपील करतात, ते मुदतपूर्व म्हणून परत येतं आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

शुल्काचे दर आणि ठरावाने सुरू झालेल्या सेवा सभेच्या अखत्यारीत. उपविधी (नगरपरिषदेचा स्वतःचा नियम) बदलायचा असेल तर नुसत्या ठरावाने भागत नाही; हरकती-सूचना, वरच्या स्तरावरची मंजुरी आणि राजपत्रात प्रसिद्धी हे टप्पे आहेतच. कोणत्या टेबलावर कोण, खिडकीची वेळ, अर्जाचा नमुना, फलक, पावतीची पद्धत, हे मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयीन आदेशाने दुसऱ्या दिवशी बदलतं. नागरिकांचा निम्मा त्रास याच शेवटच्या गटात असतो. तेव्हा तिथूनच सुरुवात करा.

चौथा गट विसरला जातो. पथदिवे, तुंबलेली गटार, मेलेली जनावरं उचलणं यासारख्या तक्रारी अधिसूचित सेवांच्या यादीत नसतील तर त्यांना त्या कायद्याचं अपील लागूच होत नाही. त्या सनदेत जरूर घ्या, पण त्यांच्यासाठी नगरपरिषदेची स्वतःची तक्रार-साखळी लिहा: पहिल्यांदा कोणाकडे, किती दिवसांनी कोणाकडे. पथदिव्याला खांब क्रमांक हवा, नाहीतर "शाळेजवळचा दिवा" या तक्रारीवर वायरमन चार शाळा हिंडतो.

सातपुडा पायथा

मोजणीबद्दल. समिती नगरपरिषदेनेच नेमली आहे, त्यामुळे माहिती अधिकाराचा अर्ज करत बसू नका. आवक नोंदवही (आलेल्या अर्जांची) आणि ऑनलाइन अर्जांच्या पोर्टलचा अहवाल पाहण्याची परवानगी एका पत्राने मागा. अर्जदारांची नावं झाकूनच नोंदी घ्या.

सगळ्या सेवा मोजायला वेळ पुरणार नाही. सर्वांत जास्त अर्ज येतात अशा पाच निवडा. प्रत्येकीचे मागच्या पूर्ण आर्थिक वर्षातले ३० अर्ज घ्या, पण ते सलग नकोत. वर्षात त्या सेवेचे ६०० अर्ज असतील तर दर विसावा उचला. सलग घेतले आणि ते नेमके फेब्रुवारी-मार्चचे निघाले तर चित्र वाकडं दिसतं, कारण तेव्हा निम्मे कर्मचारी घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीला बाहेर असतात. निवडणुकीच्या कामाचे आठवडेही तसेच.

प्रत्येक अर्जाच्या चार तारखा लिहा: अर्ज खिडकीत दिल्याची (अर्जावर अर्जदाराने घातलेली), पोच किंवा पोर्टलवर नोंद झाल्याची, त्रुटी कळवल्याची, सेवा हातात पडल्याची. खरी गोम पहिल्या दोन तारखांत असते. कागद सोमवारी आला, ऑपरेटरने गठ्ठा शुक्रवारी पोर्टलवर चढवला, म्हणजे घड्याळ शुक्रवारी सुरू. नोंदीत "३ दिवसांत दिला" दिसतं, माणसाला मात्र आठवडा लागलेला असतो.

सरासरी काढू नका. वादातलं एखादं हस्तांतरण २०० दिवस पडून असलं तरी सरासरी कुठल्या कुठे जाते. ३० अर्ज दिवसांच्या चढत्या क्रमाने लावा. पंधरावा-सोळावा आकडा म्हणजे साधारण माणसाला लागणारा वेळ, सत्ताविसावा म्हणजे दहातल्या नऊ जणांचं काम जितक्या दिवसांत होतं तो. सनदेतल्या मुदतीशी या दुसऱ्या आकड्याची तुलना करा.

आणि नोंदवहीत न आलेले अर्ज? ते कागदावर सापडणारच नाहीत. बाजाराचा दिवस धरून दोन दिवस सकाळी खिडकीशी बसा, किती जण अर्ज घेऊन आले आणि किती जणांना पोच मिळाली एवढंच मोजा. "साहेब बाहेर आहेत, उद्या या" असं सांगून परत पाठवलेले लोक कुठल्याही अहवालात नसतात.

तापीकाठ

फार उपयोगी. नोंदवही पाहायला मिळाली. दोन ठिकाणी अडलोय. जन्मदाखल्याला सनदेत ३ दिवस लिहिलेत आणि लोकांच्या सर्वाधिक तक्रारी त्याच्याच. मालमत्ता हस्तांतरणाला १५ दिवस, पण ३० पैकी एकही अर्ज तेवढ्यात झालेला नाही. कर्मचारी म्हणतात हे शक्यच नाही. खरंच नाही का?

आवकजावक

जन्मदाखल्याचे ३ दिवस नोंद आधीच झालेली असेल त्यासाठी आहेत. तक्रारदारांतले बरेचसे नोंदच नसलेले असतात, आणि सनद दोघांना एकाच ओळीत बसवते. ओळ फोडा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे २१ दिवसांत कळवलं तर साधी नोंद. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत विहित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. म्हणजे ते काम नगरपरिषदेचं नाहीच, तहसील-प्रांताकडचं आहे. सनदेत हे स्पष्ट असेल तर यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांत मजुरीला जाणारा माणूस दिवस पाडून नगरपरिषदेत चार खेपा घालणार नाही. पहिल्याच दिवशी त्याला कळेल की आपली वाट वेगळी. नोंदणी झाल्यावरचा पहिला दाखला मोफत असतो हेही ठळक लिहा, ते फार थोड्यांना माहीत असतं.

नोंद आहे पण नाव घातलेलं नाही किंवा स्पेलिंग चुकलंय, ही तिसरी ओळ. त्याचे कागद आणखी वेगळे.

हस्तांतरणाचं म्हणाल तर कर्मचारी खोटं बोलत नाहीत. बऱ्याच ठिकाणी वारसाहक्काच्या नोंदीआधी हरकतीची जाहीर नोटीस काढतात आणि ती नोटीसच १५ किंवा ३० दिवसांची असते. मग १५ दिवसांत काम होणार कसं? पण त्यावर "मुदत ४५ दिवस करा" अशी शिफारस करू नका, ती तुमच्या हातातली नाही. तुमच्याकडे नोटीस कोणत्या तरतुदीखाली काढतात ते लेखी विचारा. नोंदणीकृत खरेदीखत असताना आणि मागची थकबाकी भरलेली असताना नोटीस लागते का, की वारसाच्या प्रकरणांसाठीची सवय सगळ्यांना लावली आहे? दस्तावरून हस्तांतरण आणि वारसाने हस्तांतरण या दोन ओळी वेगळ्या केल्या की पहिली मुदतीत बसू शकते. दुसरीसाठी नगरविकास विभागाला पाठवायचा स्वतंत्र प्रस्ताव तयार करा, सोबत तुमचे ३० अर्जांचे आकडे जोडा. आकड्यांशिवाय गेलेला प्रस्ताव वर कोणी उघडत नाही.

त्रुटीबद्दलची एक शिफारस मात्र कोणत्याही परिस्थितीत घाला. मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात. तोंडी "एक कागद कमी आहे" म्हटलं की घड्याळ सुरूच होत नाही, आणि पुढच्या खेपेला दुसरा कागद कमी निघतो. शब्द असे ठेवता येतील: "अर्जातील सर्व त्रुटी तीन कार्यालयीन दिवसांत, एकाच वेळी व लेखी कळविण्यात येतील. त्यानंतर नवीन कागदपत्र मागायचे झाल्यास विभागप्रमुखांनी कारण नोंदवून मागावे." कार्यालयीन आदेशाने हे उद्यापासून लागू होऊ शकतं.

गिरणाथडी

पाण्यावर मी लिहितो, कारण सनदेत "पाणीपुरवठा" ही एक ओळ म्हणजे काहीच नाही. चार वेगळी वचनं करा.

पहिलं नवीन जोडणी. १५ दिवस कशापासून? अर्जापासून की डिमांड (नगरपरिषदेने कळवलेली रक्कम) भरल्यापासून? सनदेत हे लिहिलेलं नसतं आणि सगळे वाद इथले. टप्पे फोडा: जागा पाहणी, डिमांड देणं, भरणा, रस्ता खोदाई, फेरूल (मुख्य वाहिनीवरचा जोड) बसवून जोडणी, खड्डा बुजवणं. घरगुती जोडणी बहुधा १५ मिमी, म्हणजे अर्ध्या इंचाची. तिचं सामान कोण आणणार, प्लंबर कोणाचा, खड्डा कोण बुजवणार हे लिहा. गावातून जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर खोदाईची परवानगी तिकडून लागते. ती नगरपरिषदेनेच मागायची, अर्जदाराच्या डोक्यावर टाकायची नाही, ही ओळ मागून घ्या.

दुसरं गढूळ किंवा वास येणारं पाणी. इथे मुदत तासांत हवी. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. वाहिनी रिकामी झाली की आत पोकळी होते आणि गटारीतून गेलेल्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. पुढच्या पाळीला पहिली दहा मिनिटं तीच नळाला येते. म्हणून सनदेत लिहा: तक्रार आल्यावर २४ तासांत, किंवा त्या भागाच्या पुढच्या पाळीला, यातलं जे आधी असेल तेव्हा तक्रारदाराच्या नळावर शिल्लक क्लोरीन (जंतू मारून पाण्यात उरलेलं) तपासायचं. नळाशी ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सापडलं पाहिजे. क्लोरीन तपासायच्या ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकून पाणी पिवळं झालं नाही तर क्लोरीन तिथवर पोचलेलं नाही, मग गळती शोधायची. टाकीपाशी केलेली तपासणी यात चालणार नाही.

तिसरं पाळीचं वेळापत्रक. "दर तीन दिवसांनी पाणी" असं वचन लिहून घ्यायचा मोह होतो. लिहू नका. गिरणाकाठच्या गावांचं पाणी धरणातून आवर्तन कधी सुटतं त्यावर, आणि तापीकाठच्यांचं नदीतल्या साठ्यावर. एप्रिल-मेमध्ये ते नगरपरिषदेच्या हातात राहत नाही, वचन मोडतं आणि सबंध सनदेवरचाच विश्वास उडतो. हातातलं वचन घ्या: कोणत्या भागाला कधी पाणी येणार ते आदल्या संध्याकाळपर्यंत जाहीर होईल, पाळी चुकली तर त्याच दिवशी कारण आणि नवीन वेळ कळवली जाईल, इतके दिवस उलटले की टँकर, आणि टँकरची यादी प्रभागवार फलकावर. माणशी १३५ लिटर (मलनिःसारण वाहिन्या असलेल्या गावांसाठी) आणि ७० लिटर (नळयोजना आहे पण त्या नाहीत अशांसाठी) ही प्रमाणं योजना आखण्यासाठी आहेत. सनदेत तो आकडा टाकला तर मोजणार कोण, मीटरच नाहीत.

चौथं गळती. मुख्य वाहिनी आणि घरजोडणी यांना वेगळी मुदत, एवढं पुरे.

सातपुडा पायथा

कागदपत्रांच्या रकान्यावरून एक फेरी मारा. राज्य शासनाने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकन स्वीकारायला सांगितलं आहे, तरी जुन्या सनदांत "स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र" आणि "राजपत्रित अधिकाऱ्याची सही" तशीच छापलेली सापडते. प्रत्येक कागदापुढे विचारा: हा कोणत्या कायद्याने किंवा नियमाने लागतो? उत्तर मिळालं नाही तर तो वगळायची शिफारस करा. जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितलं आहे तिथे तसं लिहून ठेवा. घरपट्टी भरल्याची पावती नगरपरिषदेच्याच दप्तरात असते, ती अर्जदाराकडून मागण्यात काही अर्थ नाही.

सनद पोचवायची कशी, यावरही दोन शिफारशी द्या. फ्लेक्सवर सबंध तक्ता बारीक अक्षरात छापतात, तो कोणी वाचत नाही. खिडकीवर त्या खिडकीच्याच सेवा, मोठ्या अक्षरात: किती दिवस, किती पैसे, कोणते कागद, काम नाही झालं तर कोणाकडे. आणि सकाळच्या घंटागाडीवर जे गाणं लागतं त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा दोन मिनिटांची माहिती, आपल्या अहिराणीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पावरी बोलणारी वस्ती असेल तर त्यातही. बचत गटाच्या ताई समितीत आहेत, मजकूर त्यांच्याकडून बोलून घ्या. कार्यालयीन मराठीत लिहून मग अहिराणी केली की ती कानाला परकी लागते.

उन्हाळ्यात खिडकीसमोर सावली, पिण्याचं पाणी आणि सकाळी टोकन. ४४-४५ अंशांत म्हाताऱ्या माणसाला दुपारी रांगेत उभं करणं बरं नाही. यालाही आदेश पुरतो.

आवकजावक

आता अपील आणि मांडणी.

अपिलाची माहिती प्रत्येक सेवेच्या ओळीत आली पाहिजे, शेवटच्या पानावर नको. मजकूर साधा ठेवा: मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील; सबळ कारण दाखवलं तर ९० दिवसांपर्यंत घेता येतं. त्यावर ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत दुसरं अपील; निर्णयच आला नाही तर पहिलं अपील केल्यापासून ४५ दिवसांनी. त्याच्या निर्णयावर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे अपील. खान्देशासाठी आयोगाचं कार्यालय नाशिकला आहे. कसूर सिद्ध झाली तर ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते, हेही लिहा.

लहान नगरपरिषदांत पदं रिकामी असतात आणि एकाच माणसाकडे दोन-तीन कार्यभार. मग पदनिर्देशित अधिकारी आणि प्रथम अपिलीय प्राधिकारी एकच होऊन बसतात. अपिलीय प्राधिकारी पदनिर्देशित अधिकाऱ्याहून वरच्या दर्जाचा असायला हवा, त्यामुळे हे टिकत नाही. शिफारस करा की सनदेत व्यक्तीचं नाव नको, पदनाम असावं, आणि अतिरिक्त कार्यभाराच्या काळात अपील कोण ऐकणार याचा आदेश कार्यभारासोबतच निघावा. सध्याच्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन फलकावर, बदलता येईल अशा पट्टीवर.

शिफारशी बारा-पंधराच्या वर नेऊ नका. प्रत्येकीला पाच रकाने: सध्याचा मजकूर जसाच्या तसा, प्रस्तावित मजकूर (पूर्ण वाक्य, "सुधारणा करावी" असं मोघम नको), कारण आणि तुमच्या मोजणीतला आकडा, अधिकार कोणाचा, आणि खर्च लागत असेल तर अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून. त्यांचे तीन गठ्ठे करा. मुख्याधिकाऱ्यांच्या आदेशाने होणाऱ्या सगळ्यांत वर. त्यांना सभेची वाट पाहायची गरज नाही. दुसरा सभेचा. तिसरा शासनाकडे पाठवायचा, त्यावर सभेचा ठराव फक्त "शिफारशीसह सादर" असा.

दुसऱ्या गठ्ठ्यात तिसऱ्यातली एकही गोष्ट शिरू देऊ नका. सभेने अधिकाराबाहेरचा ठराव केला तर नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात, आणि त्या एका वाक्यापायी बाकीचा चांगला ठरावही लटकतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा ठराव मांडा, एकगठ्ठा नको. विषयपत्रिका निघण्याआधी टिपणी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने तयार असावी. समितीत दोन नगरसेवक आहेतच, सूचक-अनुमोदक तेच.

समितीत मतभेद राहिले तर ते पुसून एकमत दाखवू नका. निम्म्या मुदतीचा आग्रह धरणाऱ्यांचं भिन्नमत अर्ध्या पानात, त्यांच्या शब्दांत, अहवालाला जोडा. सभेत प्रश्न येणारच, उत्तर आधीच कागदावर असलेलं बरं.

तापीकाठ

मुदत निम्मी करण्याचा विषय "उद्दिष्ट" रकान्यात नेला आणि सगळे तयार झाले. जन्मदाखल्याची ओळ तीन ठिकाणी फोडली आहे. एकच राहिलं: मंजूर झाल्यावर पुढचा आढावा कधी ठेवावा?

आवकजावक

सनदेच्या पहिल्या पानावरच तारीख छापायची शिफारस करा, म्हणजे ती बदलायला पुन्हा कागद काढावा लागेल. एप्रिल नको, वर्षअखेरीचे हिशेब चाललेले असतात. सप्टेंबर बरा. पाच सेवांचे तेच ३०-३० अर्ज, त्याच पद्धतीने, आणि मागच्या वर्षाचा आकडा शेजारी. माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(ख) खालची १७ मुद्द्यांची माहिती नगरपरिषदेला अद्ययावत ठेवावी लागतेच, तिच्यासोबत हाही तक्ता संकेतस्थळावर टाकायचा आदेश घ्या.